मगरींची वीण आणि जागेचे गणित

कुंभकोणमच्या पश्चिमेस सुमारे पंधरा किलोमीटर अंतरावर कपिस्थलम नावाचे गाव आहे. तेथील विष्णुमंदिराची गणना वैष्णवांच्या १०८ दिव्यदेशांमध्ये होते आणि गजेंद्रमोक्षाची कथा याच परिसरात घडली, अशी स्थानिक श्रद्धा आहे. हत्तीचा पाय जबड्यात धरून बसलेली मगर महाराष्ट्रातील वाचकालाही कीर्तन-पुराणातून परिचित आहे. त्या कथेतील एक तपशील मात्र सहसा विसरला जातो. विष्णू हत्तीला सोडवतो, तेव्हा मगरीच्या देहात अडकलेल्या हूहू गंधर्वाचीही सुटका होते.

कुंभकोणमच्या ईशान्येस, कावेरीची शाखा असलेल्या कोळ्ळिडम नदीवर, अणैक्करै येथे आजही मगरी आहेत. सर आर्थर कॉटन यांनी १८३६ मध्ये बांधलेला ‘लोअर अॅनिकट’ हा बंधारा येथेच आहे. बंधाऱ्यामुळे अडलेले पाणी, काठावरील वाळूचे पट्टे आणि आसपासच्या कालव्यांचे जाळे यांमुळे मगरीला लागणारे सर्व काही या ठिकाणी उपलब्ध होते. मगरींप्रमाणेच मासेमारी करणारी, जनावरे धुणारी आणि नदीवर स्नानाला येणारी माणसेही येथे आहेत. या दोहोंच्या संघर्षाची दखल घेऊन तमिळनाडू शासनाने २०२१ मध्ये अणैक्करै येथे मगर संवर्धन केंद्र उभारण्याची घोषणा केली.

अशी घोषणा झाली की नवी आवारे, त्यांत सोडलेल्या मगरी, काही वर्षांनी अंडी, पिल्ले आणि पर्यटकांची गर्दी असे चित्र सामान्यतः डोळ्यांसमोर उभे राहते. प्राणिसंग्रहालयातील जन्म ही आनंदवार्ता मानली जाते. मुंबईच्या वीरमाता जिजाबाई भोसले उद्यानात १५ ऑगस्ट २०१८ रोजी हम्बोल्ट पेंग्विनचे पिल्लू जन्माला आले, तेव्हा भारतातील पहिले पेंग्विन म्हणून त्याचे मोठे कौतुक झाले होते. आठवडाभरातच ते दगावले आणि चर्चा विझली. परंतु पिल्लू जगले तर पुढे काय, ते कोठे राहणार, त्याचा जोडीदार कोणत्या वंशातील असणार, त्याची संतती कोठे जाणार, हे प्रश्न जन्माच्या बातमीत क्वचितच विचारले जातात. मगरींच्या बाबतीत हे प्रश्न टाळता आले नाहीत. त्यांची उत्तरे तमिळनाडूच्याच भूमीवर, सुमारे अर्धशतकाच्या अनुभवातून मिळाली आहेत.

प्रकल्पाची पार्श्वभूमी

भारतात मगरकुळातील तीन जाती आढळतात. गोड्या पाण्यातील दलदली मगर, खाडीतील खाऱ्या पाण्याची मगर आणि लांब, निमुळत्या जबड्याचा घडियाल. घडियालाच्या प्रौढ नराच्या नाकपुडीवर घड्यासारखा फुगवटा येतो, त्यावरून हे नाव पडले. आपल्याकडे कृष्णाकाठचे लोक मगरीलाच अनेकदा ‘सुसर’ म्हणतात आणि पाठ्यपुस्तकांत तोच शब्द काही ठिकाणी घडियालासाठी वापरलेला दिसतो. त्यामुळे मराठीतून अभ्यास करणाऱ्यांनी या शब्दाबाबत सावध राहणे इष्ट होय. या लेखात मगर म्हणजे गोड्या पाण्यातील दलदली मगर असेच अभिप्रेत आहे.

विसाव्या शतकाच्या मध्यास कातड्याच्या व्यापारासाठी झालेली शिकार, अंड्यांची लूट, मासेमारीच्या जाळ्यांत होणारे मृत्यू आणि नद्यांवरील धरणे यांमुळे तिन्ही जाती झपाट्याने घटल्या. घडियालाची स्थिती सर्वाधिक बिकट होती. सत्तरच्या दशकाच्या मध्यास देशात त्यांची संख्या दोनशेच्याही खाली गेल्याचा अंदाज होता. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये तिन्ही जातींना संरक्षण मिळाले. परंतु शिकार थांबवल्याने उरलेले प्राणी वाचतात. रिकाम्या झालेल्या नद्या आपोआप भरत नाहीत. म्हणून १९७५ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा विकास कार्यक्रम आणि अन्न व कृषी संघटना यांच्या साहाय्याने केंद्र शासनाने मगर प्रकल्प हाती घेतला.

प्रकल्पाची पद्धत साधी होती. नदीकाठच्या घरट्यांतून अंडी गोळा करायची, ती सुरक्षित ठिकाणी उबवायची, पिल्लांना शत्रूंपासून दूर ठेवून सुमारे एक मीटर लांबीपर्यंत वाढवायचे आणि मग नदीत सोडायचे. निसर्गात घोरपड, कोल्हा, मुंगूस व रानडुक्कर अंडी खातात. पाण्यात उतरलेल्या पिल्लांना बगळे, मोठे मासे आणि स्वतः मोठ्या मगरीही गिळतात. शंभर अंड्यांतून प्रौढ होणारे प्राणी फारच थोडे असतात. नेमकी ही धोक्याची वर्षे माणसाच्या देखरेखीखाली काढून दिली, तर थोड्या अंड्यांतून पुष्कळ मगरी मिळतील, हे त्यामागचे तर्कशास्त्र होते.

त्यानुसार अनेक राज्यांत संगोपन केंद्रे उभी राहिली. तमिळनाडूत अमरावती धरणाच्या परिसरात १९७६ मध्ये असे केंद्र सुरू झाले. १९८० मध्ये हैदराबाद येथे मगर प्रजनन व व्यवस्थापनाचे प्रशिक्षण देणारी केंद्रीय संस्था स्थापन झाली. त्याच वर्षी ओडिशातील नंदनकानन प्राणिसंग्रहालयात घडियालाची बंदिवासातील पहिली वीण यशस्वी झाली. त्यासाठीचा नर जर्मनीतील फ्रँकफर्टच्या प्राणिसंग्रहालयातून आणावा लागला होता. ज्या देशाच्या नद्यांत घडियाल हजारो वर्षे राहिला, त्या देशाला त्याचा नर युरोपातून मागवावा लागावा, यावरून त्या काळातील परिस्थितीची कल्पना येते. अशा वेळी प्रत्येक जन्म मोलाचा होता, यात शंका नाही.

मगर कशी वाढते

चेन्नईच्या दक्षिणेस, मामल्लपुरमजवळ समुद्रकिनाऱ्यालगत मद्रास क्रोकोडाइल बँक ही संस्था आहे. सर्पतज्ज्ञ रोम्युलस व्हिटेकर, झाई व्हिटेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये ती स्थापन केली. ‘बँक’ या नावातच तिची कल्पना स्पष्ट होते. संकटात सापडलेल्या जातींची ठेव सुरक्षित ठेवायची, ती वाढवायची आणि गरज पडेल तेव्हा नद्यांसाठी ती काढून द्यायची. मगरीच्या प्रजननाविषयी आज जी माहिती पाठ्यपुस्तकांत येते, तिचा मोठा भाग या संस्थेच्या आवारातील निरीक्षणांतून मिळाला आहे.

मादी साधारणपणे सहा-सात वर्षांची, पावणेदोन ते दोन मीटर लांब झाली की प्रजननक्षम होते. दक्षिण भारतात हिवाळ्यात समागम होतो आणि फेब्रुवारी ते एप्रिल या काळात मादी रात्रीच्या वेळी काठावरील वाळूत मागच्या पायांनी खड्डा खणून त्यात अंडी घालते. एका विणीत सामान्यतः पंचवीस-तीस अंडी असतात. सुमारे दोन महिन्यांनी पिल्ले अंड्यातूनच आवाज करू लागतात. तो आवाज ऐकून मादी खड्डा उकरते आणि पिल्लांना जबड्यात अलगद धरून पाण्यापर्यंत नेते. हत्तीचा पाय पकडणारा तोच जबडा. क्रोकोडाइल बँकेत तर नर मगरही पिल्ले तोंडात धरून पाण्यात नेताना आढळला आणि १९८६ मध्ये हे निरीक्षण प्रसिद्ध झाले. मगरींमधील पित्याच्या संगोपनाचा तो महत्त्वाचा पुरावा ठरला.

याहून महत्त्वाची गोष्ट लिंगनिश्चितीची. मनुष्यात पिल्लाचे लिंग गुणसूत्रांवरून ठरते. मगरीत तशी लिंग-गुणसूत्रे नाहीत. अंडे ज्या तापमानात उबते, त्यावर नर की मादी हे अवलंबून असते. या संस्थेत झालेल्या प्रयोगांनुसार ३१ अंश सेल्सिअस व त्याखालील तापमानात केवळ माद्या जन्मतात, सुमारे ३२.५ अंशांवर जवळजवळ सर्व नर होतात आणि त्याहून अधिक तापमानात पुन्हा माद्यांचे प्रमाण वाढू लागते. म्हणजे दीड अंशाचा फरक संपूर्ण विणीचे लिंग बदलू शकतो. हवामान बदलाच्या संदर्भात हा मुद्दा आता नव्याने अभ्यासला जात आहे. सावली हरवलेला किंवा वाळू काढून नेलेला नदीकाठ हा केवळ घरट्यांच्या संख्येचा प्रश्न राहत नाही. पुढील पिढीत नर किती आणि माद्या किती, हेही तोच ठरवतो.

तिसरे निरीक्षण या लेखाच्या विषयाशी थेट निगडित आहे. निसर्गात वर्षाला एकदा अंडी घालणाऱ्या मादीला बंदिवासात नियमित व भरपूर आहार मिळाला की ती त्याच हंगामात सुमारे चाळीस दिवसांच्या अंतराने दुसऱ्यांदा अंडी घालू शकते, असे येथे दिसून आले. गणित करून पाहावे. एका आवारातील दहा माद्यांनी वर्षातून दोनदा प्रत्येकी पंचवीस अंडी घातली, तर पाचशे अंडी होतात. त्यातील निम्मी उबली तरी दरवर्षी अडीचशे पिल्ले. शत्रू कोणीच नाही, औषधोपचार उपलब्ध, आयुर्मान काही दशकांचे. सहा-सात वर्षांत त्या पिल्लांतील माद्याही अंडी घालू लागतात.

ठेव भरली, काढणारा नाही

नेमके हेच घडले. क्रोकोडाइल बँकेने विविध राज्यांच्या वन विभागांना आणि अन्य प्राणिसंग्रहालयांना दीड हजारांहून अधिक मगरी व अंडी पुरवली. काही नद्या-जलाशयांत मगरींची संख्या सावरली. परंतु सोडण्याजोगी ठिकाणे मर्यादित होती. ज्या जलाशयात मगरी पुरेशा होत्या, तेथे आणखी सोडण्यात अर्थ नव्हता. जेथे त्या नव्हत्या, तेथे दरम्यानच्या काळात शेती, वस्ती आणि मासेमारी वाढली होती आणि लोकांचा मगरी सोडण्यास विरोध होऊ लागला. अखेर १९९४ मध्ये केंद्र शासनाने बंदिवासात वाढलेल्या मगरी निसर्गात सोडण्याचा कार्यक्रम थांबवला.

वीण मात्र शासकीय निर्णयाने थांबत नाही. संस्थेचे क्षेत्र सुमारे साडेआठ एकर. त्यात हजारोंच्या संख्येने मगरी. अंडी शोधून ती नष्ट करणे, नर-मादी वेगळे ठेवणे हे उपाय करावे लागले. ज्या संस्थेने अंडी उबवण्याचे शास्त्र घडवले, तिलाच अंडी उबू नयेत याची खबरदारी घ्यावी लागली. पुढे २०२२ मध्ये येथील एक हजार मगरी गुजरातमधील जामनगरच्या खासगी केंद्रात हलवण्यास केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाने मान्यता दिली. जाती वाचवण्यासाठी वाढवलेले प्राणी देशाच्या दुसऱ्या टोकाला, पुन्हा बंदिवासातच पाठवण्याची वेळ आली.

या कोंडीवर आणखी एक मार्ग सुचवला गेला होता आणि त्याविषयीची चर्चा परीक्षार्थींनी जाणून घेण्यासारखी आहे. झिम्बाब्वे, ऑस्ट्रेलिया, पापुआ न्यू गिनी आदी देशांत मगरींचे व्यापारी संगोपन होते. कातड्याच्या उत्पन्नातील वाटा नदीकाठच्या लोकांना मिळाला, तर तेच मगरींचे रक्षण करतील, असा या विचाराचा आधार आहे. शाश्वत उपयोग या संकल्पनेचे हे एक ठळक उदाहरण. भारतात हा मार्ग स्वीकारला गेला नाही. मगर वन्यजीव अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत आहे आणि वन्य जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारविषयक करारात, म्हणजे ‘साइट्स’मध्ये, तिचा समावेश पहिल्या परिशिष्टात आहे. कायदेशीर व्यापाराच्या आडून चोरटी शिकार वाढेल, ही भीतीही रास्त होती. निर्णय योग्य की अयोग्य याविषयी मतभेद असू शकतात. मात्र व्यापार नाही आणि सोडण्यास नद्याही नाहीत, अशा स्थितीत प्रजनन चालू ठेवण्याचे समर्थन करता येत नाही, हे स्पष्ट आहे.

घडियालाचा अनुभव याच निष्कर्षाकडे दुसऱ्या बाजूने नेतो. त्याची हजारो पिल्ले वाढवून नद्यांत सोडण्यात आली. तरीही २००६ च्या सुमारास प्रजननक्षम प्राण्यांची संख्या पुन्हा दोनशेच्या आत असल्याचे अनुमान निघाले आणि २००७ मध्ये आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने त्याला अतिसंकटग्रस्त श्रेणीत टाकले. त्याच हिवाळ्यात चंबळ नदीत शंभराहून अधिक घडियाल मरण पावले. वाहते पाणी, वाळूचे काठ आणि जाळ्यांपासून मुक्त डोह नसतील, तर वरून कितीही प्राणी ओतले तरी नदी ते धरून ठेवू शकत नाही. याउलट ओडिशातील भितरकनिका येथे खाऱ्या पाण्यातील मगरींची संख्या सत्तरच्या दशकाच्या मध्यास शंभराच्या आत होती, ती आता सतराशेच्या पुढे गेली आहे. तेथे पिल्ले सोडली गेली, हे खरे. पण कांदळवनाचे अभयारण्यही राखले गेले.

कायद्यात जन्माचे स्थान

प्राणिसंग्रहालये हा बराच काळ स्थानिक संस्थांच्या हौसेचा विषय होता. १९९१ च्या दुरुस्तीने वन्यजीव अधिनियमात प्रकरण ‘चार-अ’ समाविष्ट झाले आणि कलम ३८-अ अन्वये १९९२ मध्ये केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण अस्तित्वात आले. प्राधिकरणाच्या मान्यतेशिवाय देशात प्राणिसंग्रहालय चालवता येत नाही. १९९८ मध्ये राष्ट्रीय प्राणिसंग्रहालय धोरण जाहीर झाले. १९९२ च्या मान्यता नियमांची जागा २००९ च्या नियमांनी घेतली.

या २००९ च्या नियमांत प्रजननाविषयी तीन गोष्टी महत्त्वाच्या आहेत. प्रत्येक प्राणिसंग्रहालयाने आपण कोणत्या जाती व किती प्राणी ठेवणार याची योजना आखावी. भिन्न जाती किंवा उपजातींचा संकर होऊ देऊ नये. आणि जे प्राणी भराभर वाढतात, त्यांच्या संख्येवर नर-मादी वेगळे ठेवणे, निर्बीजीकरण यांसारख्या उपायांनी नियंत्रण ठेवावे. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने प्रत्येक जन्म ही उपलब्धी नाही. पूर्वी पंजाबातील छतबीडसह काही ठिकाणी आशियाई व आफ्रिकी सिंहांचा संकर झाला, संख्या वाढली, पण त्या संततीला संवर्धनाच्या दृष्टीने कोणतेही मूल्य उरले नाही. पुढे त्यांचे प्रजनन थांबवावे लागले. मगरींच्या बाबतीतही हा धोका काल्पनिक नव्हे. थायलंडमधील संगोपन केंद्रांत सयामी मगर आणि खाऱ्या पाण्यातील मगर यांचा संकर मोठ्या प्रमाणावर झालेला आहे.

२०२२ च्या दुरुस्तीने प्राणिसंग्रहालयाची व्याख्याच विस्तारली. ही दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली. लोकांना प्राणी दाखवणाऱ्या संस्थांबरोबरच प्रदर्शन नसलेली बचाव केंद्रे आणि संवर्धन प्रजनन केंद्रेही आता या व्याख्येत येतात. बचाव केंद्र आणि प्रजनन केंद्र हे दोन स्वतंत्र शब्द कायद्यात वापरले आहेत, हे विशेष ध्यानात घ्यावे. पहिल्याचे काम आश्रय देणे, दुसऱ्याचे काम संख्या वाढवणे. अणैक्करैसारख्या ठिकाणी या दोहोंची गल्लत होण्याची शक्यता असते, कारण ‘संवर्धन’ या शब्दात दोन्ही अर्थ सामावतात.

आवार कसे असावे

मगरीचे आवार म्हणजे भिंत आणि पाण्याचे टाके, असा समज जुन्या बांधकामांतून दृढ झाला आहे. मगर ही शीतरक्त प्राणी असल्याने शरीराचे तापमान ती बाहेरच्या उष्णतेवर राखते. सकाळी उन्हात पडून राहण्यासाठी उतरता काठ, दुपारी सावली आणि पूर्ण बुडता येईल इतके खोल पाणी या तिच्या दैनंदिन गरजा आहेत. सिमेंटच्या खरखरीत तळावर सतत सरपटल्याने पोटाला व पायांना जखमा होतात. पाणी वेळोवेळी बदलले नाही तर त्या चिघळतात.

त्याहून अवघड बाब म्हणजे मगरींचा समाज. प्रौढ नर आपापला प्रदेश राखतात आणि हंगामात एकमेकांवर तुटून पडतात. एका डोहात एक प्रबळ नर आणि काही माद्या अशी रचना टिकते. दुसरा मोठा नर आत सोडला की एकाचा तरी पाय किंवा जबडा जातो. नदीत हरलेला नर दूर निघून जातो; आवारात त्याला जाण्यास जागा नसते. म्हणून आवाराचे क्षेत्रफळ मोजताना केवळ प्राण्यांची संख्या पुरेशी नाही. दृष्टीआड होता येईल असे अडोसे, वेगळे करता येतील असे कप्पे आणि नव्याने पकडून आणलेल्या प्राण्यासाठी स्वतंत्र विलगीकरणाचे टाके यांचाही विचार करावा लागतो. चेन्नईचे जुने प्राणिसंग्रहालय १८५५ मध्ये सुरू झाले आणि शहरात जागा अपुरी पडू लागल्याने १९८५ मध्ये ते वंडलूर येथे सुमारे सहाशे हेक्टर क्षेत्रावर नेण्यात आले. प्रत्येक शहराला किंवा तालुक्याला असा विस्तार परवडणारा नाही.

येथे वाळूच्या काठाचा प्रश्न येतो. तो अंगण म्हणून हवा, पण तो दिला की मादी त्यात अंडी घालणार. बचाव केंद्रात त्यामुळे नर व माद्या वेगळ्या ठेवणे किंवा हंगामात काठ तपासून अंडी काढून घेणे, यांपैकी काही तरी पहिल्या दिवसापासून ठरवावे लागते. सोय म्हणून हा निर्णय पुढे ढकलला, तर साडेआठ एकरांतील अनुभवाची पुनरावृत्ती होते.

कोळ्ळिडमच्या काठी

आता पुन्हा अणैक्करैकडे वळता येईल. कोळ्ळिडम ही कावेरीच्या पुराचे पाणी वाहून नेणारी शाखा आहे. उन्हाळ्यात तिचे पात्र बहुतांशी कोरडे पडते आणि मगरी बंधाऱ्यापाशी व उरलेल्या डोहांत एकवटतात. पूर आला की त्या कालव्यांतून, ओढ्यांतून शेततळ्यांत आणि गावाच्या पाणवठ्यांवर पोहोचतात. कडलूर जिल्ह्यातील चिदंबरमच्या परिसरात अशा मगरी वारंवार आढळतात. वन विभाग त्या पकडून वक्कारमारी येथील जलाशयात नेऊन सोडतो.

पकडून दूर सोडणे हा उपाय तात्पुरता ठरण्याची शक्यता असते. मगरींना आपल्या ठिकाणाकडे परतण्याचे विलक्षण ज्ञान असते. ऑस्ट्रेलियात उपग्रहाच्या साहाय्याने माग काढलेली खाऱ्या पाण्यातील एक मगर चारशे किलोमीटरहून अधिक अंतर पोहून मूळ जागी परतल्याचे २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. गोड्या पाण्यातील मगर इतके अंतर कापत नसली, तरी पाठोपाठच्या तळ्यांतून ती चालत जाते. शिवाय ज्या जलाशयात सतत नव्या मगरी येऊन पडतात, तेथील जुने नर त्यांना हुसकावतात आणि त्या पुन्हा एखाद्या गावात शिरतात. वारंवार वस्तीत येणाऱ्या, माणसावर हल्ला केलेल्या किंवा जखमी झालेल्या मगरींसाठी कायमस्वरूपी निवाऱ्याची गरज यातून निर्माण होते. अणैक्करै येथील केंद्राची उपयुक्तता याच मर्यादेत आहे आणि ती लहान नाही. ज्या आईचे मूल पाणवठ्यावर जाते, तिला ती मगर परत येणार नाही, एवढीच हमी हवी असते.

परंतु केंद्र म्हणजे नदीला पर्याय नव्हे. काठावर पायऱ्यांचे किंवा जाळीने सुरक्षित केलेले घाट, जनावरांसाठी वेगळे पाणवठे, उन्हाळ्यात डोहांची पाहणी आणि हल्ला झाल्यास त्वरित भरपाई, या गोष्टींना आवारापेक्षा कमी खर्च येतो आणि त्यांतून अधिक जीव वाचतात, माणसांचे आणि मगरींचेही. वाळूचा उपसा हा येथील सर्वांत नाजूक विषय आहे. कोळ्ळिडमच्या वाळूला बांधकामासाठी मोठी मागणी असते आणि मगरीला घरट्यासाठी तीच वाळू लागते. महाराष्ट्रातही सांगली परिसरातील कृष्णा, महाडची सावित्री, चिपळूणची वाशिष्ठी या नद्यांत मगरी टिकून आहेत आणि तेथेही वाळू, पूर आणि वस्ती यांचे असेच त्रांगडे आहे. कृष्णेच्या पुरानंतर गावात आलेली मगर पकडून कोठे सोडायची, हा प्रश्न सांगलीच्या वनाधिकाऱ्यालाही चिदंबरमच्या वनाधिकाऱ्याइतकाच सतावतो.

नैसर्गिक वीण परत येऊ शकते, याचेही उदाहरण आहे. महानदीच्या सातकोसिया घळीत सत्तरच्या दशकापासून घडियाल सोडले जात होते, पण तेथे वीण होत नव्हती. २०२१ मध्ये सुमारे चार दशकांनंतर प्रथमच तेथे नैसर्गिक घरट्यातून बाहेर पडलेली पिल्ले दिसली. 

कावेरीच्या त्रिभुज प्रदेशाचे वर्ष मेट्टूर धरणाशी बांधलेले आहे. भाताच्या कुरुवै हंगामासाठी धरणाचे दरवाजे परंपरेने १२ जून रोजी उघडले जातात. कोळ्ळिडमला पुराचे पाणी त्यानंतर येते. मार्च-एप्रिलमध्ये वाळूत पुरलेल्या अंड्यांतून पिल्ले मे महिन्यात किंवा जूनच्या आरंभी बाहेर पडतात. पूर चढण्याआधी त्यांना काठावरील गवतात, उथळ पाण्यात पोहोचण्यासाठी काही आठवडे मिळतात. ही वेळ साधली जावी, यासाठी कोणतेही आवार बांधावे लागत नाही. फेब्रुवारी ते जून या काळात बंधाऱ्याखालचे तेवढे वाळूचे पट्टे उपशातून वगळावे लागतात.